पाहुणे आले की बानू ओढ्यावर

वर्गातलं वाचता न येणारं मूल ओळखायची सोपी खूण सांगते. पाहुणा वर्गात आला की जे मूल वर्गात नसतं, ते. त्याला पाणी आणायला पाठवलेलं असतं, गुरुजींच्या खोलीवर निरोप द्यायला पाठवलेलं असतं, नाहीतर "त्याचं पोट दुखत होतं, घरी सोडलं" असं आपल्याला सांगितलं जातं. आमच्या मुळशी तालुक्यात पोरांची पोटं साहेबांच्या तारखा बघून दुखायची.

या अंकाच्या संपादकबाईंनी 'शिक्षणक्षेत्रातील आपले योगदान' या विषयावर लिहा म्हणून सांगितलं. योगदान वगैरे माझ्याकडे नाही. मी सातवी शिकलेली. त्या सातवीवर मी सत्तर-ऐंशीच्या दशकांत मास्तरांना शिकवायचं काम केलं. मागं पडलेल्या पोरांना वाचायला-लिहायला कसं शिकवायचं, ते मास्तरांना शिकवायचं. पोरं शिकली. मास्तरांचं मी छातीठोक सांगू शकत नाही.

हे काम माझ्याकडे आलं ते काही माझी हुशारी बघून नाही. पुण्याच्या एका संस्थेची चार-पाच माणसं खांद्याला शबनम पिशव्या लावून आमच्या गावात आली. शाळेतून गळालेल्या पोरांसाठी वर्ग काढायचा होता. त्यांना गावातलंच वाचता येणारं माणूस हवं होतं. शिकलेले पुरुष मुंबईला गिरण्यांत गेलेले. उरलेल्यांत वाचता येणारी मी आणि देवळातला पुजारी. पुजाऱ्याला मुलं चालायची नाहीत, आणि बौद्धवाड्यातली तर देवळाच्या पायरीवरही चालायची नाहीत. म्हणून मी. वर्ग माझ्या ओसरीवर भरायला लागला, दोन-तीन वर्षांत पोरं वाचायला लागली, आणि संस्थेच्या लोकांना वाटलं या बाईकडे काही जादू आहे. त्यांनी वरती बोलणी केली आणि तालुक्यातल्या गुरुजींच्या महिन्याच्या संमेलनात मला उभं केलं.

गुरुजींना ते फार लागलं. पहिल्याच दिवशी एकानं उठून विचारलं, "बाई, आपलं शिक्षण?"

"सातवी," मी म्हणाले. "पण वाचता येतं. तुमच्या चौथीतल्या किती पोरांना येतं?"

हे वाचून टाळ्या वाजवू नका. ते गृहस्थ पुढच्या रांगेतून उठून मागच्या रांगेत गेले आणि तिथं दर महिन्याला निवांत झोपायला लागले. माझ्या फटकळपणाचा एवढाच उपयोग झाला. बायकांच्या बाजूला एक बाई कायम स्वेटर विणत असायच्या. सुईवरून नजर न काढता सगळं ऐकायच्या. सगळ्या संमेलनात माझं बोलणं ऐकणाऱ्या त्या एकट्या, असं माझं बरेच दिवस मत होतं. मग कळलं, त्या टाके मोजत असायच्या.

आता धंदा काय होता ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं मूल एकतर वाचतं नाहीतर वाचत नाही. तसं नसतं. काही पोरं फळ्यावरचं इतकं सुबक उतरवून घेतात की ते अक्षर लग्नपत्रिकेला द्यावं. त्यांनाच विचारा, काय लिहिलंस रे? ते आपल्या तोंडाकडे बघतात. त्यांनी लिहिलेलं नसतं, चित्र काढलेलं असतं. दुसरी जात पाठांतराची. अख्खा धडा तोंडपाठ. ओळीवरून बोट फिरतं, पण बोट अर्ध्यावर असतं आणि तोंड शेवटाला पोचलेलं असतं. मी अशा एकाचं पान मध्येच हळूच उलटलं. तो धडा म्हणतच राहिला. थोड्या वेळानं खाली बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, वारं आलं वाटतं."

अशा पोरांसाठी करायचं ते थोडकंच असतं. त्याच्या शेजारी बसायचं, समोर नाही. त्याच्याच तोंडचं एक वाक्य घ्यायचं, ते लिहायचं, त्यालाच वाचायला लावायचं. तो अडला की गप्प बसायचं. यातलं पहिलं सगळं मास्तरांना जमायचं. गप्प बसणं जमायचं नाही. मूल शब्दावर अडलं की मास्तर तो शब्द सांगून मोकळा. एखाद्याच्या तोंडातला घास आपणच चावून द्यावा तसं. मग पोरही शहाणं होतं. अडल्यासारखं करून मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसतं.

यावर मी एक उपाय काढला. आमचे बरेच गुरुजी तंबाखूचे. मी सांगितलं, पोर अडलं की तंबाखू काढा, चुना लावा आणि मळायला घ्या. ती मळून ओठाखाली जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तेवढ्यात पोर आपलं आपण वाचतं. संस्थेच्या शबनमवाल्या ताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आक्का, हे कुठल्या अहवालात लिहायचं?" मी म्हटलं, लिहू नका. पण इतक्या वर्षांत गुरुजींनी माझं एवढंच मनापासून ऐकलं.

आता बानूचं. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सोयरीक आहे.

त्या गावच्या शाळेत मी मागं पडलेल्या मुलांसाठी नमुना पाठ द्यायचा असं ठरलं. नमुना पाठ म्हणजे मी मुलांना शिकवायचं आणि आजूबाजूच्या गावांचे गुरुजी भिंतीला टेकून बघणार. मी पोचले तर शाळा सारवलेली, दाराला आंब्याचा टहाळा, टेबलावर नारळ. पुढच्या रांगेत तेल लावून भांग पाडलेली पोरं. त्यांतली दोघं मला ओळखीची वाटली.

"अरे, तुम्ही पलीकडच्या गावचे ना?"

"व्हय," त्यातला एक म्हणाला. "आज आमाला हितं दिलंय."

लग्नाला भांडी देतात तसं. मी शाळेच्या थोरल्या गुरुजींना विचारलं, "कच्ची मुलं कुठायत?"

"आपल्या शाळेत कच्चं कुणी नाही, बाई," ते अभिमानानं म्हणाले.

"मग मी कशाला आले?"

"नमुना पाठ द्यायला."

आजाऱ्याला तपासायला वैद्य बोलवायचा, आणि वैद्य येतोय म्हणून आजाऱ्याला मागच्या दारानं रानात लपवायचं. वर वैद्यापुढं गावचा पैलवान उभा करायचा. हे त्या माणसानं कपटानं केलं नव्हतं. पाहुणा आला की घरातली फाटकी गोधडी आत टाकायची, तशी ती आमची रीत. मी पाठ दिला. मी प्रश्न विचारायच्या आधी हात वर व्हायचे. गुरुजींनी माना डोलावल्या.

मग चहासाठी थांबलो. चहाला उशीर होत होता, म्हणून मी शाळेमागं गेले. खाली ओढ्यावर एक परकर-पोलक्यातली मुलगी दगडावर बसून कपबश्या विसळत होती.

"तू शाळेतली का गं?"

"व्हय."

"कितवीत?"

"तिसरीत. औंदा बी तिसरीत."

"मग वर्गात का नाहीस?"

"पाव्हणं आल्यात न्हवं," ती म्हणाली. थंडी पडलीय न्हवं, असं म्हणावं तसं.

ती बानू. ओढ्याच्या पलीकडं तिचा बाप धुळाबा मेंढरं घेऊन उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यानं तिथूनच मला हटकलं.

"आक्का, तुमी साळंच्या का?"

"हो."

"मंग त्या मास्तरास्नी सांगा. भांडी घासायला घरला बी हायेत. पाव्हणं आलं की हिला वड्याला धाडत्यात. मंग साळंत ठिवायची कशापायी? मेंढरामागं तरी कामाला यील."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला त्या दिवशी राग आला होता, आणि रागात मी सौदा केला. "वाचता येईपर्यंत तरी राहू दे तिला," मी म्हणाले.

"कवा येतंय?"

"होळीपर्यंत."

"यील?"

"येईल."

"बरं. वाचाया आलं की मी तिला नेतो. सबूद?"

"शब्द," मी म्हणाले. त्याच्या बोलण्यातलं मी पहिलं 'बरं' तेवढं ऐकलं होतं.

बानूला हाताला धरून मी वर्गात आणली. कपबश्या ओढ्यावरच राहिल्या. तिसरीचे शेलार गुरुजी तिथं होते. नुकते नोकरीला लागलेले, मिशी अजून मनासारखी न आलेली. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हिला येत नाही हो," ते कुजबुजले. "म्हणजे शाळेत येते. पण येत नाही."

"म्हणून तर मी आले," मी म्हणाले. थोरल्या गुरुजींनी नारळ मला दिला, पण निरोपाला दारापर्यंत आले नाहीत.

पुढच्या संमेलनात मी गुरुजींना एक धडा दिला. मी शाळेत होते तेव्हा मोडी शिकवायचे. या नव्या गुरुजींच्या वेळी ती गेली होती. मी फळ्यावर मोडीत चार ओळी लिहिल्या आणि एकेकाला उठवून मोठ्यानं वाचायला सांगितलं. खरं सांगायचं तर माझी मोडी जेमतेमच, निम्मी अक्षरं मी चुकीची काढली असतील. पण तपासणार कोण?

मग बघावं. एकजण लघवीला गेले ते आलेच नाहीत. एकानं चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं, त्यांना मी कधी चष्म्यात पाहिलं नव्हतं. एकजण शेजाऱ्याच्या ओठांकडं बघून पुटपुटत होते आणि शेजारीही पुटपुटतच होता. झोपणारे गृहस्थ जागे झाले आणि पुन्हा झोपले, या वेळी मुद्दाम. शेलार गुरुजी उभे राहिले. पहिल्याच अक्षरावर अडले. सगळीकडून हाका सुरू झाल्या, "अहो म आहे तो!" "नाही हो, न!" कुणीतरी हसलं. शेलारांचे कान लाल झाले.

"मला नाही येत," ते म्हणाले. "बाई, कपबश्या द्या. मी ओढ्यावर जातो."

यावर मात्र कुणी हसलं नाही. स्वेटरवाल्या बाईंच्या सुया थांबल्या.

त्या महिन्यापासून शाळा सुटल्यावर शेलार बानूशेजारी बसायला लागले. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवायचं आणि मेंढरांपासून सुरू करायचं, असं मी सांगितलं होतं. बानू म्हणाली, "लंगडी मेंढी मागं ऱ्हाती." शेलारांनी ते तसंच लिहिलं आणि मला घाबरत दाखवलं. "बाई, 'ऱ्हाती' लिहिलंय. साहेबांनी बघितलं तर?"

"तिनं वाचलं का?"

"वाचलं."

"मग साहेबांनाही वाचू द्या."

हे काम बघायला फार कंटाळवाणं असतं. एक मुलगी, एक वाक्य, आणि शेजारी तंबाखू मळणारा मास्तर. शेलार आधी तंबाखू खात नव्हते, माझ्यामुळं लागले. त्यांच्या बायकोनं पुढं मला त्याबद्दल चांगलंच ऐकवलं. मेंढरांची वाक्यं संपली की ओढ्याची, मग आईच्या भांडणाची, मग पुस्तकातली. माघ लागला आणि बानू वाचायला लागली. भरभर नाही. प्रत्येक शब्दाजवळ थांबून, वास घेऊन, मग पुढं. पण पाठ केलेलं नव्हे. कुठलंही पान काढा, वाचायची.

होळीच्या आधी दिपोटी साहेब शाळेत येणार असं कळलं. शाळा तपासणाऱ्या या साहेबांच्या हुद्द्याचं सरकारी नाव वेगळं होतं, पण गावात अजून जुन्या सवयीनं दिपोटीच म्हणायचे. संस्थेनं त्यांना कच्च्या मुलांचं काम दाखवायचं ठरवलं. मी आधीच सांगून ठेवलं, नमुना पाठाला बानूच बसेल. धुळाबालाही निरोप धाडला, होळी आली, येऊन बघ. थोरल्या गुरुजींनी ऐनवेळी खासगीत मला विचारलं, "बाई, साहेबांसमोर एखादी बरी मुलगी बसवायची का?" मी नाही म्हटलं. त्यांनी उसासा टाकला आणि चहाच्या तयारीला लागले. त्या दिवशी ओढ्यावर दुसरंच कुणी पोर होतं. पाहुण्यांना चहा तर हवाच. कपबश्या कुणीतरी विसळणारच.

साहेब खुर्चीवर बसले. गुरुजी मंडळी भिंतीला. धुळाबा दाराबाहेर उकिडवा. मी पुस्तक घेतलं, बानूनं न बघितलेलं पान काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

तिनं सुरुवात केली. पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्यावर थांबली. साहेबांनी घड्याळ बघितलं. थोरल्या गुरुजींचे ओठ शब्द सांगायला वळवळले, मी डोळे वटारले. शेलार साहेबांसमोर तंबाखू काढू शकत नव्हते, म्हणून नुसताच रिकामा तळवा अंगठ्यानं मळत उभे होते. शब्द आला. ओळ संपली. मग दुसरी. तिसरी जरा लवकर आली. परिच्छेद संपवून बानूनं वर बघितलं.

"छान," साहेब म्हणाले. मग थोरल्या गुरुजींकडं वळून, "तिसरीत ना ही? याहून हुशार कुणी नव्हती का?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात धुळाबा दारात उभा राहिला. आनंदलेला होता. "येतंय की वं तिला! बेस झालं. चल बानू, दप्तर घे."

"कुठं?" मी म्हणाले.

"कुटं म्हंजे? मेंढरामागं. वाचाया आलं की नेतो म्हनलं हुतं. तुमी सबूद दिलाय, आक्का."

दिला होता. तिसरीतली ती मुलगी, जेमतेम परिच्छेदभर वाचायला लागलेली, आणि मीच घातलेल्या अटीवर तिची शाळा तिथं संपत होती. साहेबांना यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, "पालक समाधानी आहेत, फार चांगलं." बानूनं दप्तराला हात घातला. ती रडली वगैरे नाही. बापाचं ऐकायची तिला सवय होती, आणि मास्तरांनी सांगितलं की ओढ्यावर जायचीही.

"हिला वाचता येत नाही," शेलार म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"आत्ता वाचलं की," साहेब म्हणाले.

"पाठ करून घेतलं होतं साहेब. तुम्ही येणार म्हणून. हिला अक्षर येत नाही. माझ्या वर्गातली सगळ्यात कच्ची आहे ही."

थोरल्या गुरुजींनी भिंतीला हात लावला.

"म्हंजे खोटंच वाचली?" धुळाबा म्हणाला.

"खोटंच."

"बानू, खरं का गं?"

बानूनं शेलारांकडं बघितलं, मग बापाकडं. मी पुस्तकाचं पान उलटून तिच्यापुढं सरकवलं. "हे वाच बघू," मी म्हणाले. ती पानावर वाकली. तिचे ओठ हलले. पहिला शब्द तिनं वाचलेला मला स्वच्छ दिसला, आणि तो तिनं गिळलेलाही दिसला.

"न्हाई येत," ती म्हणाली.

धुळाबानं घोंगडी सावरली. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी लंगडी मेंढी चांगली म्हणून त्याच्या गळ्यात मारलीय. "सबूद मोडला बघा तुमी, आक्का."

"मोडला," मी म्हणाले.

"मंग आता कवा यील?"

"चौथी होईपर्यंत तरी काही सांगता येत नाही."

"लई ढ हाय मंग," तो म्हणाला, आणि मेंढरांकडं गेला. बानू दप्तर ठेवून जागेवर बसली.

साहेबांनी चहा घेतला नाही. शेलारांना त्यांनी सगळ्यांसमोर झाडलं. बनवाबनवी, बेशिस्त, शासनाची दिशाभूल, असे बरेच शब्द होते. शेलार खाली मान घालून ऐकत होते आणि तळवा मळत होते. जूनमध्ये त्यांची बदली धरणाच्या पलीकडं झाली. लाँचनं जायचं, पुढं डोंगर चढायचा. थोरले गुरुजी मला म्हणाले, "बाई, काय शिकवलंत हो तुम्ही त्या पोराला!" हे मी शिकवलं नव्हतं. मी फक्त गप्प बसायला शिकवलं होतं.

बानू चौथी झाली. तिच्या बापाचं म्हणणं, ती पास कशी झाली ते देवालाच ठाऊक. मग मात्र ती मेंढरामागं गेली. धुळाबानं आपला शब्द पाळला. मी पुन्हा गेले नाही, तोंड कोणतं घेऊन जाणार?

हल्ली मी भूगावला नातवाच्या फ्लॅटमध्ये असते. त्याचा मुलगा इंग्रजी धडे खडाखडा म्हणतो. परवा मी त्याचं पान मध्येच उलटलं. तो थांबला नाही. त्याच्या शाळेत पाहुणे आले की त्याला पुढच्या रांगेत बसवतात, असं नातसून कौतुकानं सांगते.

त्या सगळ्या वर्षांत मी पुष्कळ मास्तर पाहिले. साहेबांच्या तोंडावर "माझ्या वर्गातलं पोर कच्चं आहे" असं सांगणारा एकच भेटला. आणि तो खोटं बोलत होता.